तलाव कुणाचा, पहाट कुणाची?

गेल्या महिन्यात सकाळी फिरणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला. मीही त्या गटात आहे. मजकुराचा आशय असा होता : अंबाझरीच्या काठावर अलीकडे 'नको ते लोक' यायला लागले आहेत. पोरं घोळक्याने बसतात, कुणी गळ टाकून बसतो, कुणी बाकावर झोपलेला असतो. त्यामुळे सूर्योदयाची शांतता बिघडते, बायकांना असुरक्षित वाटते. म्हणून नियमित फिरणाऱ्यांना ओळखपत्रे द्यावीत, वार्षिक वर्गणी ठेवावी आणि सकाळी ५ ते ८ या वेळेत सभासदांशिवाय कुणालाही आत सोडू नये, असे निवेदन द्यायचे आहे. सहमती असणाऱ्यांनी अंगठा दाखवावा.

दहा मिनिटांत तीस-चाळीस अंगठे उमटले. मी एकच प्रश्न विचारला, "नको ते म्हणजे नेमके कोण?" बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग एका सज्जनांचे उत्तर आले, "भाऊ, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता."

मी जात आणली नव्हती. मी फक्त विचारले होते. पण प्रश्न विचारताच ज्यांना जात आठवली, त्यांच्याच मनात ती आधीपासून बसलेली होती, हे उघड आहे. म्हणून हा लेख. विषय साधा आहे : शहरातल्या तलावाच्या काठाने पहाटे फिरणे. पण या साध्या गोष्टीत आपल्या समाजाची सगळी मांडणी दिसते, आणि ती पाहिल्याशिवाय या निवेदनाला उत्तर देता येणार नाही.

आधी पहाटेचे चित्र पाहू. नागपुरात मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडते, जानेवारीत सूर्य दिसायला पावणेसात वाजून जातात. फिरणारे त्या हिशेबाने येतात. पण त्यांच्या आधी कुणीतरी आलेले असते. फिरायची वाट झाडलेली असते. आदल्या रात्रीचे कागदी द्रोण, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, वाढदिवसाच्या केकचे खोके, सगळे गोळा झालेले असते. आपण पहिले पाऊल टाकतो ते स्वच्छ वाटेवर. ही वाट रात्रीतून आपोआप स्वच्छ होत नाही.

झाडणाऱ्या एका मावशींशी माझी ओळख झाली आहे. मी एकदा विचारले, "मावशी, तुम्ही कधी फिरता का हो इथं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही तं अंधारातच येतो भाऊ. तुमचं फिरणं व्हावं म्हणून आमचं झाडणं. आमचं फिरणं म्हणसान तं घरून इथं, इथून दोन बंगल्यावर भांडे घासाले, अन् मंग घरी." त्या वर्षानुवर्षे रोज तलावाकाठी उजाडताना असतात. पण पाण्याकडे तोंड करून बाकावर बसून सूर्य उगवताना पाहिला असे एकदाही झाले नाही. त्या वेळी त्यांची मान खाली असते आणि नजर झाडूच्या टोकाकडे.

नागपुरात सफाई कामगारांसाठी एक खास शब्द आहे : ऐवजदार. ऐवजी काम करणारा, म्हणजे बदलीवरचा माणूस. नाव बदलीचे, पण काम वर्षानुवर्षांचे. कायम होण्यासाठी या माणसांनी किती मोर्चे काढले, किती वेळा महापालिकेच्या दारात बसले, हे नागपूरकरांना ठाऊक आहे. काही कायम झाले, काहींच्या वाट्याला आता ठेकेदार आला. पण झाडू ज्या हातात होता त्या हातांची जात फारशी बदलली नाही. मग कोण जात आणतो, मी की ही व्यवस्था?

अंबाझरीचा भूगोलही लक्षात घेण्यासारखा आहे. बांध पूर्वेला, पाणी पश्चिमेला. म्हणजे बांधाच्या बाजूला उभे राहिले की तलावाकडे पाठ केल्याशिवाय सूर्योदय दिसत नाही. सूर्य उगवतो तो शहराच्या मागून, पूर्व नागपूरच्या दिशेने. त्याच दिशेला भांडेवाडीचा कचरा डेपो आहे. इथल्या वाटेवरून मावशी जे गोळा करतात ते शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडते आणि तिथल्या वस्त्यांची पहाट त्याच्या वासाने होते. पाण्याचेही तेच. अंबाझरीतून निघणारी नाग नदी शहरातून पूर्वेकडे वाहते आणि वाटेत सगळ्यांचे सांडपाणी पोटात घेत नाला होऊन जाते. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा आणि याच नदीचा उल्लेख केला होता. त्या नदीच्या उगमाकडच्या बाजूला आज फिरायच्या वाटा आहेत आणि खालच्या बाजूला नाक धरून राहणाऱ्या वस्त्या आहेत.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे याच तलावाने सगळ्यांना एक धडा दिला. रात्रीत प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली, नाग नदी फुगली आणि पाणी घराघरांत शिरले. अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या चांगल्या वस्त्यांतही शिरले. माणसे दगावली, संसार वाहून गेले. त्या पहाटे पाण्याने कुणाचे ओळखपत्र पाहिले नाही. तलावाचे दुखणे सगळ्यांचे, पण तलावाचे सुख मात्र सभासदांचे, हा कुठला न्याय?

आता मुख्य मुद्दा. तलाव सार्वजनिक आहे म्हणजे काय? हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. तो सुटावा म्हणून आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली आहेत. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे खुले होते. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा परत येणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले गेले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग कोर्टकचेरी सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे.

त्या लढ्यात बाबासाहेबांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा स्पष्ट केली. तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही. इतकी वर्षे ते न पिता आपण मेलोही नाही. तळ्यावर जायचे ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. म्हणजे भांडण तहानेपुरते नव्हतेच. भांडण होते काठावर उभे राहण्याच्या हक्काचे.

हाच हक्क संविधानात उतरला. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. संविधानाच्या मूलभूत हक्कांत तलाव का आला? कारण ज्यांनी तो तिथे आणला त्यांना तलावाचा अनुभव होता. 'राबत्याची जागा' हा शब्दही पाहा. राबता म्हणजे येजा, वर्दळ. जिथे लोकांची येजा आहे ती जागा लोकांची. गळ टाकून बसलेला माणूस, बाकावर बसलेली पोरं, फिरणारे पेन्शनर, झाडणारी मावशी, या सगळ्यांचा मिळून तो राबता होतो.

कुणी म्हणेल, आम्ही जातीवरून कुठे अडवतो? आम्ही तर फक्त वर्गणी ठेवतो. बरोबर आहे. आज पंचगव्य ओतायची गरज उरलेली नाही. वर्षाची वर्गणी, फाटकावरचा गार्ड, ओळखपत्र आणि 'सभ्य पोशाख' एवढे पुरेसे आहे. कायद्याच्या भाषेत जातीचा शब्दही न उच्चारता वस्तीतली माणसे बाहेर राहतात. ज्याच्याकडे पायात घालायला बूट नाहीत, ज्याचे कपडे कामाचे आहेत, जो घोळक्याने येतो कारण एकट्याला गार्ड हटकतो, तो बरोब्बर बाहेर राहतो. गार्ड माझ्या ट्रॅकसूटकडे पाहून सलाम करतो आणि माझ्याच वस्तीतल्या पोराला विचारतो, "काय करून राहिला बे इथं?" फरक कपड्यांचा आहे. उद्या मी लुंगीवर गेलो तर मलाही तोच प्रश्न येईल.

सुरक्षिततेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पहाटेच्या अंधारात एकट्या बाईला भीती वाटते, हे खरे आहे. पण त्याच अंधारात, तिच्याही आधी, झाडूवाली बाई एकटी चालत आलेली असते. तिच्या सुरक्षिततेसाठी आजवर एकही निवेदन गेलेले नाही. सुरक्षितता हवी तर दिवे लावा, पहाटे पाचला उघडणारी स्वच्छतागृहे द्या, वाटेवर वर्दळ वाढवा. माणसे कमी करून जागा सुरक्षित होत नाही. ओसाड काठ सर्वांत धोक्याचा असतो, हे कुठलीही बाई सांगेल.

आता आपल्याच माणसांशी थोडे बोलायचे आहे. चळवळीतला एक मित्र मला म्हणाला, "दादा, लोकांच्या पोटाचे प्रश्न पडले आहेत आणि तू फिरण्यावर लेख लिहितोस? ही श्रीमंतांची चोचले आहेत, करू दे त्यांना." मला हे मान्य नाही. आणि बाबासाहेबांनाही मान्य झाले नसते.

१९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादावर जे प्रकरण लिहिले आहे, त्यात फुरसतीचा प्रश्न मध्यभागी आहे. गांधीजी यंत्राला विरोध करत होते, कष्टाच्या साध्या जीवनाचा गौरव करत होते. बाबासाहेबांचे म्हणणे होते की पोट भरणे हे जनावरही करते. माणूस वेगळा ठरतो तो मनाची मशागत करू शकतो म्हणून, आणि त्यासाठी त्याला रिकामा वेळ लागतो. यंत्र आणि आधुनिक संस्कृती हवी ती यासाठी, की ती माणसाला राबण्यातून सोडवून फुरसत देते. ज्या समाजात काही जणांना फुरसत आणि बाकीच्यांना फक्त राबणे, तो समाज लोकशाहीचा नाही. राबण्यात पवित्र काही नाही, हे ज्यांच्या पिढ्या राबल्या त्यांच्या प्रतिनिधीने सांगितले.

आणि ते नुसते लिहिले नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली त्यांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली. तिने कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे आठवड्याला सहा तास मजुराच्या पदरात पडले. नंतर संविधानाच्या कलम ४३ मध्ये राज्याने कामगारांना निर्वाहापुरते वेतन तर द्यावेच, पण फुरसतीचा आणि सामाजिक, सांस्कृतिक संधींचा पुरेपूर लाभही मिळवून द्यावा, अशी अपेक्षा नोंदवली गेली. फुरसत हा शब्द आपल्या संविधानात आहे. मग ती चोचले कशी?

माझे वडील गिरणीत पाळीवर होते. ते आयुष्यभर चालले, पण फिरायला म्हणून कधी गेले नाहीत. रात्रपाळी सुटली की गिरणीच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांना उजाडलेले दिसायचे, आणि तेव्हा डोळ्यांवर फक्त झोप असायची. मला डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितले, तेव्हा पहिल्यांदा मी तलावाच्या काठाने गेलो. पहिले काही दिवस मला चोरट्यासारखे वाटायचे. काही काम नसताना, हातात काही नसताना, नुसते चालायचे? आमच्या घरात असे कुणी केले नव्हते. आज मी फिरतो ते वडिलांच्या पिढीने मारलेल्या लढाईमुळे. मावशींना ते सुख मिळत नाही, कारण त्यांच्या वाट्याची लढाई अजून बाकी आहे.

आपल्या परंपरेतही चालण्याला मान आहे. भगवान बुद्धांच्या भिक्खूंचे चंक्रमण म्हणजे सजगपणे एका वाटेवर येरझारा घालणे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : दूरच्या वाटचालीचे बळ येते, प्रयत्नाची चिकाटी येते, आरोग्य राहते, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. बोधगयेला आजही चंक्रमणाची जागा दाखवतात. या वाटेवर जातीची पाटी नव्हती. संघात न्हावी उपाली आला, झाडू मारणारा सुनीतही आला. म्हणून सकाळी चालणे ही कुणा क्लबची मालमत्ता आहे, असे आपल्या मनातही येता कामा नये.

त्या गटात अंगठा दाखवणाऱ्यांत तिघे आपलेच होते, हे मला सर्वांत लागले. एक बँकेतला अधिकारी, एक प्राध्यापक, एक अभियंता. तिघांच्याही घरी बाबासाहेबांची तसबीर आहे, तिघेही १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर असतात. मी एकाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, आपलीच पोरं आहेत ती, पण वागायचं कसं ते शिकली पाहिजेत ना." शिकली पाहिजेत, मान्य. पण फाटकाबाहेर उभे करून कुणी काही शिकत नाही. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी भाषणात उगाळतो. ती खंत खरी ठरते ती अशा छोट्या ठिकाणी, एका अंगठ्यात.

आणि अंबाझरीच्या काठाने तर आपल्याला आधीच इशारा दिला आहे. याच परिसरातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, लोक घरात कोंडलेले असताना पाडले गेले. जागा पर्यटनाच्या प्रकल्पासाठी खासगी हातात गेली होती. २०२३ साली आंबेडकरी महिला त्याविरुद्ध धरण्यावर बसल्या आणि उन्हापावसात महिनोन्महिने बसून राहिल्या. त्या बायांनाही काही जण 'वातावरण बिघडवणाऱ्या' म्हणाले असतील. पण सार्वजनिक जागा कशी हातातून जाते हे त्यांना कळले होते. आधी सुशोभीकरण होते, मग तिकीट येते, मग फाटक येते, आणि शेवटी आपली खूणही तिथे उरत नाही.

म्हणून निवेदन द्यायचेच असेल तर ते असे द्यावे. तलावाच्या काठावर कुठलेही सभासदत्व, वर्गणी, ओळखपत्र नको. पहाटे झाडणाऱ्या कामगारांना ठरलेले तास, पगारी साप्ताहिक सुट्टी, हातमोजे, बूट, बसायला खोली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह हवे. ते ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नये. पुरेसे दिवे हवेत. गळ टाकणारा हटवायचा नाही. ढीवर-भोई माणसाचे तलावाशी असलेले नाते आपल्या फिरण्यापेक्षा कितीतरी जुने आहे. आणि जेवढे लक्ष अंबाझरी-फुटाळ्याकडे जाते तेवढे नाईक तलाव आणि लेंडी तलावाकडेही जावे. दाट वस्त्यांतले हे तलाव अतिक्रमणाने आक्रसले, सांडपाण्याने भरले. तिथल्या म्हाताऱ्यांनाही साखरेचा आजार होतो आणि तिथेही सूर्य रोज उगवतो. पश्चिमेच्या माणसाला चालायला वाट आणि मधल्या वस्तीतल्या माणसाला डासांचे डबके, ही वाटणी कुणी केली?

हे निवेदन मी त्या गटावर टाकले. त्यावर अंगठे चारच आले. त्यातला एक त्या प्राध्यापकाचा होता, हे नमूद करतो. माणूस चुकतो, तसा वळतोही.

येत्या रविवारी आम्ही काही जण वस्तीतल्या पोरांना, त्यांच्या आजी-आजोबांना घेऊन पहाटे तलावावर जाणार आहोत. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. फक्त चालायचे, बाकावर बसायचे आणि उजाडताना पाहायचे. कुणी अडवले तर संविधानाची प्रत सोबत असेलच. मावशींनाही विचारले, कारण त्या दिवशी त्यांची सुट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे पुन्हा तिथेच जायचे म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "येतो न भाऊ. पण झाडू घरी ठेवून येतो."

आपणही या.

जय भीम!